जिनिंगच्या काट्याचे सॉफ्टवेअर : जीपीएल २, अपाची आणि एजीपीएल एकाच संचात बसतील का?

कापूसकाटा (धरणगाव)

नमस्कार मंडळी. धरणगाव आणि चोपडा भागातील जिनिंग कारखान्यांसाठी मी वजनकाट्याचे सॉफ्टवेअर तयार करीत आहे. कापसाची गाडी काट्यावर आली की इंडिकेटरकडून (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राकडून) भरल्या गाडीचे वजन घ्यायचे, गाडी खाली झाल्यावर पुन्हा वजन घ्यायचे, निव्वळ वजन, भाव, हमाली आणि तोलाई मांडून शेतकऱ्याच्या हाती मराठीत काटापावती द्यायची आणि त्या नोंदी रात्री मालकाच्या सर्व्हरवर पाठवायच्या, एवढेच त्याचे काम आहे.

सगळे पायथॉनमध्ये आहे. पडद्यासाठी पायक्यूटी ५, सिरियल पोर्टसाठी पायसिरियल, सर्व्हरशी बोलण्यासाठी रिक्वेस्ट्स, पावतीच्या पीडीएफसाठी पायम्युपीडीएफ आणि अक्षरांसाठी मुक्त हा टंक (फॉन्ट) मी वापरला आहे. एका जुन्या इंडिकेटरची भाषा पायसिरियलने सरळ उलगडत नव्हती, म्हणून इंटरनेटवर मिळालेला सी भाषेतला कोड घेऊन त्याची लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडता येणारा तयार भाग) केली आणि ती पायथॉनमधून बोलावली. शेवटी पायइन्स्टॉलरने सगळ्याची एकच विंडोज फाइल बनवून ती ग्राहकाला द्यायची, असा बेत आहे.

एका कारखानदाराचा भाचा पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. त्याने खरेदीपूर्वी प्रत्येक भागाच्या परवान्याची यादी मागितली. यादी करताना लक्षात आले की त्यात बीएसडी, अपाची २.०, जीपीएल ३, एजीपीएल ३ आणि जीपीएल २ असे सगळेच परवाने, म्हणजे कोड वापरण्यासाठी लेखकांनी घातलेल्या अटींचे मसुदे, आहेत. हे सर्व मुक्त स्रोताचे (ओपन सोर्स) परवाने असतील, तर ते एकत्र वापरण्यात अडचण यावी का?

---

तापीकाठ (भुसावळ)

अडचण येऊ शकते, आणि आपल्या यादीत ती एकाहून अधिक ठिकाणी आहे. परंतु उत्तर देण्याआधी एक गोष्ट कळणे आवश्यक आहे. त्या सी कोडच्या फाइलींच्या माथ्यावर परवान्याविषयी नेमके काय लिहिले आहे? केवळ "जीपीएल" एवढेच, "आवृत्ती २", की "आवृत्ती २ किंवा आपल्या पसंतीची त्यापुढील कोणतीही"? जीपीएल २ च्या ९ व्या कलमानुसार लेखकाने आवृत्तीचा आकडाच दिला नसेल, तर आजवर प्रसिद्ध झालेली कोणतीही आवृत्ती निवडण्याची मुभा आपल्याला मिळते. आकडा दिला असून "किंवा त्यापुढील" हे शब्द नसतील, तर मात्र तीच आवृत्ती बंधनकारक ठरते. सोबत ठेवलेल्या परवान्याच्या मजकुरावर विसंबू नका, कारण तो मजकूर दोन्ही प्रसंगी सारखाच असतो. लेखकाचा हेतू फाइलीच्या माथ्यावर किंवा वाचा-मला फाइलीत असतो.

---

कापूसकाटा

तापीकाठदादा, आत्ताच पाहिले. प्रत्येक फाइलीत "जीपीएलच्या आवृत्ती २ च्या अटींनुसार" असे आहे. "किंवा त्यापुढील" हे शब्द कुठेही नाहीत.

---

तापीकाठ

मग गाठ इथेच आहे. थोडे विस्ताराने लिहितो.

दोन परवाने सुसंगत आहेत की नाहीत, हे ते दोन्ही मुक्त स्रोताचे आहेत का यावरून ठरत नाही. आपण जी वस्तू दुसऱ्याच्या हाती देणार, ती देताना तिच्यातील प्रत्येक भागाच्या सर्व अटी एकाच वेळी पाळता येतात का, एवढाच प्रश्न असतो. एमआयटी किंवा तीन कलमांचा बीएसडी यांची मुख्य मागणी एवढीच असते की लेखकहक्काची (कॉपीराइटची) सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा. ही अट कोणत्याही मोठ्या कामात पाळता येते. म्हणून पायसिरियलची काळजी नको.

जीपीएलची मागणी मोठी आहे. जीपीएल कोडवर आधारलेले संपूर्ण काम आपण वितरित केले, तर ते संपूर्ण त्याच परवान्याखाली द्यावे लागते आणि घेणाऱ्यावर त्यापलीकडची कोणतीही बंधने लादता येत नाहीत. जून १९९१ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत हे २ ऱ्या आणि ६ व्या कलमात आहे. आपल्या संचात जीपीएल ३ चे पायक्यूटी म्हणते की सगळे काम आवृत्ती ३ खाली द्या, आणि सी कोड म्हणतो की सगळे काम आवृत्ती २ खाली द्या. एकच फाइल दोन्ही मागण्या पुऱ्या करू शकत नाही. एकाच घरातल्या दोन आवृत्त्या परस्परांशी विसंगत असाव्यात हे नवख्याला चमत्कारिक वाटते, पण "किंवा त्यापुढील" हे शब्द वगळले की असेच होते. लिनक्सचा गाभाही केवळ आवृत्ती २ खालीच आहे, तेव्हा हा प्रकार दुर्मीळ नाही.

दुसरी विसंगती रिक्वेस्ट्सची. ती अपाची २.० खाली आहे. जानेवारी २००४ च्या या परवान्यात पेटंटविषयी एक तरतूद आहे : त्या सॉफ्टवेअरवरून कोणी पेटंटभंगाचा दावा लावला, तर त्याला मिळालेली पेटंटची परवानगी संपुष्टात येते. जीपीएल प्रसिद्ध करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अशी अट जीपीएल २ मध्ये नसल्यामुळे ती "पलीकडचे बंधन" ठरते, म्हणून अपाची २.० आणि केवळ जीपीएल २ यांचा मेळ बसत नाही. २९ जून २००७ रोजी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ७ व्या कलमाने काही ठरावीक जादा अटींना जागा करून दिली आणि पेटंटची तरतूदही घातली, त्यामुळे अपाचीचा कोड जीपीएल ३ च्या कामात चालतो.

पण ही वाट एकतर्फी आहे, आणि चर्चांमध्ये नेमके हेच निसटते. अपाचीची लायब्ररी जीपीएल ३ च्या प्रकल्पात घेता येते आणि तो एकत्रित संच जीपीएल ३ खाली जातो. जीपीएल ३ चा कोड घेऊन तो संच अपाचीखाली मात्र देता येत नाही. त्यामुळे "हे दोन परवाने सुसंगत आहेत का" असे विचारणे अपुरे आहे. शेवटी संपूर्ण वस्तू कोणत्या परवान्याखाली बाहेर पडणार, हे आधी ठरवावे आणि मग प्रत्येक भाग तिथपर्यंत पोहोचू शकतो का ते पाहावे.

एजीपीएलविषयी सायंकाळी लिहितो.

---

सरकी_रुई (धुळे)

माहिती उत्तम आहे, पण व्यवहाराचा प्रश्न विचारतो. धरणगावच्या जिनिंगमध्ये काट्यावरच्या खोलीत चालणारे सॉफ्टवेअर उघडून कोण पाहणार आहे? त्या सी कोडचा लेखक परदेशात बसला असेल, त्याला हे कळणारही नाही. आमच्या धुळ्यात दालमिलची सॉफ्टवेअरे कितीतरी वर्षे अशीच चालली आहेत. एवढा काथ्याकूट कशासाठी?

---

बोरीकाठ (अमळनेर)

सरकी_रुई भाऊ, पाहणारा इथे आधीच हजर आहे. कारखानदाराच्या भाच्याने यादी मागितली, त्यातूनच हा धागा सुरू झाला. आता खरेदीदारच विचारतात, आणि मोठ्या कंपनीला माल पुरवायचा असेल तर घटकांची यादी करारातच मागितली जाते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. आपल्या १९५७ च्या लेखकहक्क कायद्यात संगणक प्रोग्रॅम ही "साहित्यकृती" गणली जाते. त्यामुळे प्रती काढण्याचा आणि त्या वाटण्याचा हक्क मूळ लेखकाचा असतो, आणि परवाना ही त्याने घातलेल्या अटींवर दिलेली परवानगी असते. जीपीएल २ च्या ४ थ्या कलमाप्रमाणे अट मोडली की ती परवानगी आपोआप संपते. त्यानंतरची प्रत्येक प्रत विनापरवाना होते. तिसरी आवृत्ती याबाबत मवाळ आहे. पहिल्यांदाच सूचना मिळाली असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली, तर हक्क परत मिळतो.

या अटी न्यायालयात टिकतात का, याचीही उत्तरे बाहेर मिळालेली आहेत. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये जीपीएलच्या अटी ग्राह्य धरून मनाई हुकूम कायम ठेवला. अमेरिकेत जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात २००८ साली फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटले की मुक्त परवान्यातील अटी मोडणे हा लेखकहक्काचा भंग ठरू शकतो. आणि तो खटला मॉडेल रेल्वे चालविणाऱ्यांच्या हौशी सॉफ्टवेअरचा होता! तेव्हा वस्तू लहान आहे म्हणून कायदा तिच्याकडे पाहत नाही, असे समजू नये.

---

सरकी_रुई

ताई, मान्य. मग सरळ मार्ग असा की सगळा हिशेब सर्व्हरवर ठेवायचा आणि ग्राहकाला केवळ ब्राउझरमधून पडदा दाखवायचा. प्रत दिलीच नाही तर वितरण होत नाही, आणि वितरण नाही तर जीपीएल लागू होत नाही. चूक आहे का?

---

तापीकाठ

जीपीएलपुरते बरोबर आहे. स्वतःच्या सर्व्हरवर जीपीएलचा कोड चालवणे म्हणजे तो वाटणे नव्हे. पण हीच फट बुजवण्यासाठी एजीपीएल लिहिला गेला. त्याची आवृत्ती ३ नोव्हेंबर २००७ मध्ये आली. तिच्या १३ व्या कलमानुसार आपण प्रोग्रॅममध्ये बदल केला असेल, तर नेटवर्कवरून त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला त्या बदललेल्या आवृत्तीचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) मिळण्याची सोय ठेवावी लागते. आपल्या कापूसकाटा भाऊंच्या पावत्या ज्यातून निघतात ते पायम्युपीडीएफ एजीपीएल ३ खालीच आहे, किंवा मग पैसे मोजून व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. पावती शेतकऱ्याने मोबाइलवर उघडून पाहावी अशी सोय पुढे केली, तर सोर्स कोड मागण्याचा हक्क त्या शेतकऱ्यालाही पोहोचू शकतो.

जीपीएल ३ आणि एजीपीएल ३ यांचे आपसात जुळते. दोन्हींच्या १३ व्या कलमात एकमेकांशी जोडण्याची परवानगी मुद्दाम दिली आहे. म्हणजे सी कोड बाजूला काढला, तर उरलेला संच कायदेशीररीत्या एकत्र राहू शकतो, मात्र त्याचा सोर्स कोड ग्राहकाला द्यावा लागेल. कापूसकाटा भाऊ, तो देण्याची आपली तयारी आहे का? पुढची सगळी रचना या एका उत्तरावर अवलंबून आहे.

आणि वजन तर काट्याजवळच्या संगणकावरच वाचावे लागणार, त्यामुळे तो सी कोड कारखान्यात पोहोचवण्यावाचून गत्यंतर नाही. सर्व्हरची युक्ती त्याला लागू पडत नाही.

---

कापूसकाटा

सी कोडमध्ये मी जे बदल केले ते द्यायला मी आनंदाने तयार आहे. पण आडत, हमाली आणि कपातीचे नियम ज्यात मांडले आहेत तो भाग माझ्या धंद्याचा गाभा आहे. तो शक्यतो द्यायचा नाही.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषयाला धरूनच एक शंका आहे. आमच्या वर्गमित्राने कपाशीच्या बोंडअळीचे छायाचित्र ओळखण्याचा प्रकल्प सार्वजनिक ठिकाणी टाकला आहे, पण त्यात परवान्याची फाइलच नाही. परवानाच नसेल तर तो कोणत्याही परवान्याशी जुळतो, असे समजावे का?

---

बोरीकाठ

नेमके उलटे आहे. परवाना दिलेला नसेल तर सर्व हक्क लेखकाकडे राखीव असतात. आपल्याला तो कोड वाचता येईल, पण स्वतःच्या कामात घालून वाटता येणार नाही. आपल्याकडे परवाना लेखी असावा अशी कायद्याच्या ३० व्या कलमाची अपेक्षा आहे, त्यामुळे "अरे, घे की वापरायला" एवढ्या तोंडी होकारावर जाऊ नये. मित्राला परवान्याची फाइल टाकायला सांगा. प्रकल्प चौघांनी मिळून केला असेल तर चौघांचीही संमती लागते, कारण हक्क चौघांचा आहे.

हाच मुद्दा नोकरीतही लक्षात ठेवावा. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. आपल्या वरिष्ठाने कार्यालयातला कोड "एमआयटी" असा शिक्का मारून बाहेर टाकला, तर तो शिक्का मारण्याचा अधिकार त्याला होता का, हा प्रश्न परवान्यांच्या सुसंगतीच्याही आधी येतो.

---

तापीकाठ

कापूसकाटा भाऊंचे उत्तर मिळाले, आता रचनेविषयी.

गाभ्याचा भाग बंद ठेवायचा असेल तर त्याच्याशी एकजीव होणारे तीन भाग बदलावे लागतील किंवा वेगळे करावे लागतील : पायक्यूटी, पायम्युपीडीएफ आणि सी कोड. रिक्वेस्ट्सला हात लावण्याची गरज नाही, कारण अपाचीचे कोणत्याही बंद सॉफ्टवेअरशी वाकडे नसते.

पायक्यूटीऐवजी पायसाइड घ्या. दोघांच्या पोटात पडदे बनवण्याची क्यूटी ही लायब्ररीच आहे आणि आपला बहुतेक कोड किरकोळ बदलांनी चालेल. पायक्यूटी जीपीएल ३ किंवा व्यावसायिक परवान्याखाली मिळते, तर पायसाइड एलजीपीएल ३ या जीपीएलच्या सौम्य रूपाखाली मिळते. एलजीपीएलमध्ये आपला स्वतःचा कोड बंद राहू शकतो, मात्र घेणाऱ्याला ती लायब्ररी बदलून तिची सुधारित प्रत बसवता आली पाहिजे. त्यासाठी पायइन्स्टॉलरची एकच बंदिस्त फाइल न करता फोल्डरची पद्धत निवडा, म्हणजे क्यूटीच्या डीएलएल फाइली उघड्यावर राहतील आणि बदलता येतील. शिवाय ग्राहकाशी करार करताना "हे सॉफ्टवेअर उलगडून पाहू नये" असे सरसकट कलम घालू नका. एलजीपीएलच्या भागात केलेल्या बदलांची तपासणी करण्यासाठी उलगडून पाहण्याची मुभा द्यावीच लागते.

पायइन्स्टॉलर स्वतः जीपीएल २ किंवा त्यापुढील आवृत्तीखाली आहे, हे पाहून काहीजण दचकतात. त्याच्या लेखकांनी खास अपवाद दिला आहे, त्यामुळे त्यातून बनवलेल्या संचावर जीपीएल येत नाही.

पावतीच्या पीडीएफसाठी वेगळ्या लायब्ररीची गरजच नाही. पायम्युपीडीएफ आपण जोडाक्षरांसाठी घेतले असणार, कारण काही साध्या पीडीएफ लायब्रऱ्या "क्विंटल" आणि "निव्वळ" यांची पार मोडतोड करतात. पण क्यूटीमध्ये मजकुराची अक्षरजुळणी हार्फबझमार्फत होते आणि त्याचा परवाना एमआयटीच्या धाटणीचा आहे. क्यूटीच्याच पीडीएफ रायटरमधून पावती काढा. एजीपीएलचा प्रश्न मुळातूनच जाईल.

राहिला सी कोड. त्याचा स्वतंत्र छोटा प्रोग्रॅम करा. त्याने पोर्ट उघडावे, इंडिकेटरचे आकडे वाचावेत आणि वजन एका ओळीत आउटपुटवर छापावे. आपला मुख्य प्रोग्रॅम त्याला चालवेल आणि ती ओळ वाचेल. फाउंडेशनच्या स्पष्टीकरणानुसार पाइप, सॉकेट आणि कमांड लाइन या बाहेरच्या वाटांनी एकमेकांशी बोलणारे दोन प्रोग्रॅम सामान्यतः वेगळे मानले जातात, तर एकाच प्रक्रियेत लायब्ररी म्हणून जोडलेले भाग एक काम मानले जातात. मात्र पाइप घातला की सुटलो, असेही नाही. दोघांमध्ये आतल्या गुंतागुंतीच्या डेटा रचनांची देवघेव सुरू झाली, तर ते एकच काम असल्याचा दावा होऊ शकतो. आपल्याकडे वजनाचा एक आकडा जाणार आहे. याहून सुटसुटीत सीमा मिळणे कठीण.

---

सरकी_रुई

तापीकाठ दादा, त्या सी कोडच्या लेखकालाच पत्र पाठवून "किंवा त्यापुढील" हे दोन शब्द वाढवून घेतले तर?

---

तापीकाठ

विचारायला हरकत नाही, आणि अनेकदा लेखक होकारही देतात. पण त्या कोडमध्ये इतरांनी भर घातली असेल तर त्या सर्वांची संमती लागेल. शिवाय त्याने आवृत्ती ३ खाली परवानगी दिली तरी कोड जीपीएलच राहील, त्यामुळे कापूसकाटा भाऊंच्या बंद गाभ्याशी तो एकजीव करता येणार नाही. त्यांच्या बाबतीत वेगळा प्रोग्रॅम करणे अटळ आहे. सर्व काही मुक्त ठेवणाऱ्याने मात्र हा मार्ग आधी चाचपावा.

जाता जाता एक सूचना. या छोट्या प्रोग्रॅममध्ये नेटवर्कचे काम घालू नका. सुरक्षित नेटवर्क जोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीची आवृत्ती ३.० सप्टेंबर २०२१ मध्ये आली तेव्हापासून तिचा परवाना अपाची २.० आहे. जुन्या परवान्यात जाहिरातीचे कलम होते म्हणून तो जीपीएलशी जुळत नसे. नवा परवाना जीपीएल ३ शी जुळतो, पण केवळ जीपीएल २ शी अजूनही नाही. जीपीएल २ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणाऱ्या घटकांना सूट आहे, परंतु तो घटक आपणच प्रोग्रॅमसोबत पाठवला की ती सूट उरत नाही, आणि विंडोजवर आपण तेच करीत असतो. सर्व्हरशी बोलण्याचे काम मुख्य प्रोग्रॅमकडेच राहू द्या.

---

सातपुडा_पायथा

उबुंटू या लिनक्स वितरणाने झेडएफएस ही फाइल साठवण्याची प्रणाली सोबत दिली तेव्हा असाच वाद झाला होता ना?

---

तापीकाठ

होय, २०१६ मध्ये. झेडएफएस सीडीडीएल या वेगळ्या मुक्त परवान्याखाली आहे आणि लिनक्सचा गाभा केवळ जीपीएल २ खाली. गाभ्यात बसवण्याचे मोड्यूल तयार बायनरीच्या (थेट चालवता येणाऱ्या फाइलीच्या) रूपात देणे हा भंग आहे, असे सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने जाहीरपणे म्हटले. उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने आपल्या कायदेशीर सल्ल्यानुसार ते योग्य मानले. दोन्ही परवाने मुक्त स्रोताचे होते, तरीही मतभेद मिटला नाही. पदरी वकील नसलेल्या आपल्यासारख्यांनी सीमा जेवढी स्पष्ट ठेवता येईल तेवढी ठेवावी.

---

कापूसकाटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पायसाइडवर आणायला घेतले आहे आणि क्यूटीमधून काढलेल्या पावतीत "निव्वळ" नीट उमटले. सी कोडचा वेगळा प्रोग्रॅमही चालू झाला. आता शेवटचे दोन प्रश्न. ग्राहकाला कोणकोणती कागदपत्रे द्यायची? आणि जीपीएलचा प्रोग्रॅम सोबत असताना वार्षिक देखभालीचे पैसे घेता येतात का?

---

बोरीकाठ

पैसे घेता येतात. जीपीएल विक्रीला किंवा सेवेच्या शुल्काला मनाई करीत नाही. मात्र त्या छोट्या प्रोग्रॅमची प्रत कारखानदाराने दुसऱ्या कारखान्याला दिली, तर त्याला अडवता येणार नाही. ग्राहकाशी होणाऱ्या करारात "सर्व घटकांच्या प्रती काढण्यास मनाई" असे वाक्य असेल, तर ते आपल्या स्वतःच्या भागापुरतेच आहे हे स्पष्ट लिहा.

---

तापीकाठ

कागदपत्रांसाठी मुख्य फोल्डरमध्ये "परवाने" नावाचे फोल्डर करा. त्यात प्रत्येक घटकाचे नाव, आवृत्ती, परवान्याचा पूर्ण मजकूर आणि लेखकहक्काची सूचना ठेवा. अपाचीच्या घटकासोबत नोटिस नावाची फाइल असेल तर तीही हवी. यादीत परवान्यांची नावे एसपीडीएक्सच्या (परवान्यांची नावे थोडक्यात लिहिण्याच्या सर्वमान्य पद्धतीच्या) ठरलेल्या खुणांनी लिहा. त्या पद्धतीत "केवळ आवृत्ती २" आणि "आवृत्ती २ किंवा त्यापुढील" यांच्या खुणा वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे या धाग्यातला पहिला घोळ यादी वाचणाऱ्याच्या वाट्याला येणार नाही.

मुक्त टंक एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आहे. पावतीच्या पीडीएफमध्ये तो अंतर्भूत झाला म्हणून पावतीला तो परवाना लागत नाही. टंकाची फाइल सोबत देताना तिचा परवाना द्यावा लागतो, आणि केवळ टंक स्वतंत्रपणे विकता येत नाही.

छोट्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, आपण केलेल्या बदलांची नोंद तारखेसह आणि तो बांधण्याच्या स्क्रिप्ट हे सगळे त्याच पेनड्राइव्हमध्ये द्या. जीपीएल २ मध्ये सोर्स कोड नंतर देण्याचे लेखी वचन देण्याचाही पर्याय आहे, पण ते वचन किमान ३ वर्षे आणि मागेल त्या कोणाही त्रयस्थाला पाळावे लागते. सोर्स कोड सोबतच दिला की ही जबाबदारी उरत नाही. पुढे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती द्याल तेव्हा सोर्स कोडही त्याच आवृत्तीचा द्या, कारण जुना कोड नव्या बायनरीला चालत नाही.